फणी आणि बायाचा बुचडा

मी एक जुनी फणी आहे. उवांची फणी म्हणालात तरी मला राग येत नाही. आपल्या कामाची लाज कसली? एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिसवाच्या लाकडातून कापले, दोन्ही अंगांना दात पाडले, आणि सुया-पोत विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीत बसून मी टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर आले. तिथे सावित्राबाईने दोन ओंजळी नाचणी देऊन मला घेतले. महागात पडली, असे तिची सासू पुटपुटली. पण घरातली चार डोकी मी साफ केली, तेव्हा तिचेही तोंड बंद झाले.

सावित्राबाई मला कमरेला खोचूनच हिंडायची. तिची मुलगी बाया. तिचे केस म्हणजे करवंदीची जाळी! रोज सकाळी मी ओढायचे आणि ती भोकाड पसरायची.

मित्रांनो, मी सांगते ती सकाळ सन अडतीसच्या जूनमधली, शाळेच्या पहिल्या दिवसाची. तेव्हा शाळेत नाव घालताना आमच्याकडे कुणी जन्माचा दाखला मागत नसे. वाडीवर तो असणार तरी कुठून? मास्तर मुलाला सांगत, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. बोट कानाला लागले की मूल सहा वर्षांचे झाले. नाही लागले तर पुढच्या वर्षी या.

बायाला पुढचे वर्ष मिळणार नव्हते. तिची आत्या धोंडाबाई लोणावळ्याहून येऊन बसली होती. आत्याच्या सुनेला बाळ झाले होते आणि ते सांभाळायला तिला बाया हवी होती. बायाचा बाप बारकू रेल्वेच्या गँगवर कामाला. पहाटे निघताना तो सावित्राबाईला बजावून गेला, “मास्तरानं घेतली तर घेतली. न्हाईतर दुपारच्या गाडीनं आक्कासंगं जाऊ दे. मग रडारड नगं.”

आठ दिवस बाया हात डोक्यावरून ताणत होती. आदल्या दिवशी न्हाऊन केस मोकळे सोडले होते, तेव्हा मधले बोट कानाच्या शेंड्याला जेमतेम टेकले. सावित्राबाईने तिची अलाबला घेतली होती.

त्या सकाळी धोंडाबाई उंबऱ्याजवळ गाठोडे बांधत होती. “सावित्रे, पोर अजून ल्हान हाय. कशाला उगा पायपीट?”

“बगू की वन्सं. मास्तर सांगंल तसं.”

असे म्हणत तिने मला कमरेतून काढले. तिने पळीभर खोबरेल चोपडले आणि सगळे केस वर ओढून बायाच्या टाळूवर उंच, घट्ट बुचडा बांधला. “थोराड दिसली पायजे माजी बाया,” ती म्हणाली. एक बटदेखील सुटलेली नव्हती. मी तर खूशच झाले. घोडचूक आम्ही दोघींनी तिथेच केली.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पालकांची रांग लागली होती. बायाची पाळी आली.

“मान सरळ. हात डोक्यावरून घे,” मास्तर म्हणाले.

हात वर गेला, बुचड्यावरून चढला आणि पलीकडे उतरता उतरता थांबला. बायाने ओठ दातांत धरला, टाचा उचलल्या. तरी कान एक बोटभर लांबच राहिला.

“बाई, पुढल्या जूनमध्ये आणा,” मास्तरांनी सांगितले आणि पुढचे नाव पुकारले. मास्तर वाईट नव्हते. नियम तो नियम.

अगं, बुचडा! बुचडा सोड तिचा! मी जिवाच्या आकांताने सांगत होते. पण फणीला दात असतात, जीभ नसते. सावित्राबाई मटकन खाली बसली, तशी मी तिच्या कुशीत रुतले. तिने कळवळून मला उपसून काढले. माझ्याकडे पाहिले, मग लेकीच्या डोक्याकडे पाहिले आणि ती ताडकन उठली.

“गुरुजी, थांबा! पोरगी ल्हान न्हाई, बुचडा मोटा हाय!”

देवळात हशा पिकला. तिने तिकडे लक्षच दिले नाही. तिने बुचड्याला गुंडाळलेले आगवळ सोडले आणि मला टाळूपासून खाली ओढले. तेलाने चिकटलेल्या त्या गुंत्यात माझे तीन दात मोडले. खरे सांगते, मला दुखलेच नाही. बायाच्या डोळ्यांतून पाणी आले, पण रोज भोकाड पसरणारी ती पोर हूं की चूं करीना. केस चापून बसले.

“घे गं आता,” मास्तर म्हणाले.

हात पुन्हा वर गेला. हसणारे आता माना उंचावून पाहत होते. मधले बोट कानाच्या शेंड्याला टेकले. तेवढ्यावर बायाचे समाधान होईना. तिने मान न हलवता बोट आणखी रेटले आणि कान चिमटीत पकडला. मास्तरांनी नाव लिहिले, शाई टिपली, तरी ती सोडीना.

“सोड आता,” ते हसून म्हणाले, “नाहीतर उपटून हातात येईल.”

बायाला तिथेच बसवून सावित्राबाई एकटी घरी परतली. धोंडाबाई निघायच्या तयारीत उभी होती.

“पोर कुटं हाय?”

“साळंत, वन्सं. हात लागला तिचा.”

आता ही आकांडतांडव करणार, म्हणून सावित्राबाईने पदर घट्ट धरला.  पण धोंडाबाईने गाठोडे खाली ठेवले. सावित्राबाईखेरीज आजूबाजूला कुणी नाही असे पाहून उजवा हात पदराबाहेर काढला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा तो हात, कानाच्याही खाली गालापर्यंत पोचला.

“माजा बी लागतुया की गं,” ती हसली. मग तिचे हसू विरले. “कवाचाच लागत असंल. कुनी बगितलंच न्हाई.”

एवढे बोलून तिने गाठोडे उचलले आणि एकटीच कामशेत स्टेशनची वाट धरली.

मित्रांनो, मला आता कुणी वापरत नाही. कोनाड्यात पडून असते, त्याचे वाईट वाटते, पण ते राहू द्या. तुमच्या घरी एखादी आत्या किंवा आजी असेल, तर आज तिच्याजवळ बसा. तुझा हात कानाला लागला की नाही, हे कुणी पाहिले होते का, असे तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर तुमची पाटी तिच्या मांडीवर ठेवा आणि पेन्सिल तिच्या हातात द्या.