मला आडवी करा

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाभळीचे चार पाय, सागाच्या चार दांड्या आणि अंबाडीच्या दोरीचे विणकाम, एवढाच माझा पसारा. इंझोरीजवळच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाला लागून एक खोली आहे. तिथे मला कितीतरी वर्षे भिंतीला टेकवून उभी ठेवली होती. गळ्यात झेंडूचा हार. बाजेला गळा कुठून आला, ते हार घालणाऱ्यांनाच विचारा! पुढ्यात उदबत्ती. लोक हात जोडून म्हणत, "हे आवडामायची बाज. लई मोठी बाई! आखरीले का होईना, शास्त्राले शरण आली."

हे ऐकले की माझ्या दोरीचा पीळ न पीळ आवळायचा. आवडाबाई शरण गेली नव्हती. मी तिच्या पाठीखाली होते, मला माहीत आहे. म्हणून आज मी बोलणार, आणि कुणी गप्प बस म्हटले तरी बसणार नाही.

मला विणले पुंजाजी माळ्याने. आवडाबाई त्याची शेजारीण. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून कारंज्याच्या बाजारात नेण्यात तिचा जन्म गेला. साठीला टेकली तेव्हा तिने मळा लेकांच्या हाती दिला. आता म्हातारी माळ ओढत बसेल, फार तर काशीला जाऊन येईल, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते.

त्या वर्षी कापसाच्या गाड्या कारंज्याला चालल्या होत्या. एका गाडीवानाला वाटेत ताप भरला. सोबतच्यांनी त्याला देवळाजवळच्या लिंबाखाली उतरवले आणि ते पुढे निघून गेले. संध्याकाळी आवडाबाई दिवा लावायला आली तर हा मातीत पडून कण्हत होता. ती आत गेली आणि पिंडीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "महादेवा, तुह्या दारात मानूस तडफडून राह्यला अन् तू पाहून राह्यला! तुले जमत असन, मले नाई जमत."

तिने घरी जाऊन मला अंगणातून उचलवली आणि देवळाच्या खोलीत आणली. लेक मागे धावत आला. "माय, घरची बाज काहून नेऊन राह्यली? लोक काय म्हनतीन?"

"मी काशीले जानार होती नं? गेली असं समज," ती म्हणाली आणि गाडीवानाच्या कपाळावर ओली चिंधी ठेवू लागली.

तो बरा होऊन गेला, पण मी परत घरी गेले नाही. देवळात म्हाताऱ्या बायांचे भजन चाले. आवडाबाईने तिथे जाऊन सांगितले, "देव काई बहिरा नाई, इतक्या जोरानं टाळ कुटू नका. दोघी भजनाले बसा, दोघी माह्यासंगं या." बाया आधी हसल्या, मग आल्या. झाली संस्था सुरू! पाटी नाही, अध्यक्ष नाही. खोली एक, बाज एक आणि पाणी तापवायला पुंजाजी.

माझ्यावर गाडीवान निजले, शेतमजूर निजले, छपराखाली पाणी गळते म्हणून आलेल्या बाळंतिणी निजल्या. जात कुणी विचारायची नाही, असा आवडाबाईचा दंडक होता. मला उन्हात आपटून, उकळते पाणी ओतून ढेकूण काढत. मला चटके बसत, पण मी कुरकुरले नाही. बरे, खरे सांगते, कुरकुरले. शेवटी बाजच मी.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर निजवतात, तोंडात तुळशीचे पान ठेवतात. बाजेवर जीव गेला तर त्याला गती नाही म्हणतात, आणि ती बाज नाल्याकाठी फेकून देतात. मग मानमोडीची साथ आली. घराघरात तापाने माणसे पडू लागली आणि लोक इतके भेदरले, की अजून श्वास चालू असलेल्यालाही घाईघाईने भुईवर उतरवू लागले. धर्म चुकू नये एवढीच काळजी. भुई ओली होती, हवा गार होती, आणि जो जगला असता तोही तिथेच आटपत होता.

भगवंतराव पाटलांच्या वाड्यावर त्यांची तरणी सून कस्तुराबाई तशीच खाली घेतलेली होती. तोंडात तुळस, भोवती रडणाऱ्या बाया. आवडाबाईने तिच्या नाकाशी हात धरला आणि ती ओरडली, "जित्ती हाय हे! उचला!"

भगवंतराव दारात आडवे आले. "आवडामाय, तुमच्या त्या बाजीवर पोरगी मेली तर सारं पाप तुमच्या डोक्यावर. अन् त्या खोलीले मी कुलूप लावीन."

"लावा. पन ते मेल्यावर. आता वाट सोडा."

मित्रांनो, सगळी सेवा त्या एका पोरीच्या श्वासावर टांगली होती. पुंजाजीने आणि आवडाबाईने तिला माझ्यावर आणून टाकली. तव्यासारखी तापलेली होती ती, आणि पाय मात्र गारठलेले. पायाशी फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा ठेवल्या. चमच्याचमच्याने कण्यांची पेज पाजली. एका क्षणी श्वास इतका मंदावला की मलाही वाटले, संपले. पण आवडाबाई तिचे तळवे चोळतच राहिली, आणि चोळता चोळता महादेवाला अशा काही शिव्या देत होती, की त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. कस्तुराबाई वाचली! भगवंतरावांनी आभार मानले नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नव्हते. फक्त वाड्यावरून अंबाडीच्या दोरीचे नवे भेंडोळे आले.

सगळेच वाचले असे नाही. काहींनी माझ्यावरच डोळे मिटले. मला फेकून द्या म्हणणारे यायचे, आणि आवडाबाई मला नाल्यावर धुऊन परत आणायची. "जीव हाय तवर मी कोनाले खाली घेनार नाई," हे तिचे ठरलेले उत्तर.

पुढे ती फार थकली आणि एक दिवस तीच माझ्यावर निजली. कस्तुराबाई उशाशी बसून होती. म्हातारे भगवंतराव काठी टेकत आले. "आवडामाय, आता तरी भुईवर घेऊ द्या."

"नाई," ती म्हणाली. आवाज उरला नव्हता, हट्ट मात्र होता तेवढाच होता.

एवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. किन्हीराजा गावाकडून कापूस वेचायला आलेली रंगूबाई बाळंतपणात अडली होती. तिला ओसरीवर ठेवले. ती विव्हळत होती आणि खोलीतल्या माणसांना काय करावे सुचत नव्हते, कारण बाज एकच होती आणि तिच्यावर आवडाबाई होती.

आवडाबाईने डोळे उघडले. "मले खाली घ्या."

भगवंतरावांनी हात जोडले. "शेवटी देवानं बुद्धी देली!"

आणि आता जे मी सांगते ते नीट ऐका, कारण रंगूबाईच्या ओरडण्यात ते भगवंतरावांना ऐकू गेले नाही. कस्तुराबाईने कान तोंडाशी नेला तेव्हा आवडाबाई म्हणाली, "तिले वर घ्या. आधी पायथ्याची दोरी ताना, लई सैल झाली."

कस्तुराबाईने दोरी ताणली. रंगूबाई माझ्यावर आली. खाली भुईवर आवडाबाईचा श्वास थांबला आणि वर माझ्यावर पोर रडले. ही तिची शरणागती!

कस्तुराबाई हे सगळ्यांना सांगत राहिली, पण गावाला आपलीच कथा गोड लागली. आवडाबाईची बाज पवित्र आहे, तिच्यावर कुणी निजायचे नाही, असे पंचांनी ठरवले. मला उभी केली, हार घातला, खोलीला कुलूप लावले. भगवंतरावांनी धमकी दिली तेव्हा जे लागले नव्हते, ते कुलूप भक्तीने लावले. मला ढेकणांनी छळले होते, उकळत्या पाण्याने भाजले होते, पण त्या हारासारखा अपमान कुणी केला नव्हता.

आणि काल बाहेरच्या ओसरीवर एक गाडीवान तापाने पडला. त्याचे दात वाजत होते, मला आत ऐकू येत होते. कस्तुराबाईचे केस आता पिकले आहेत, गुडघे दुखतात. तिने पंचांकडे किल्ली मागितली. "पूजा होऊ द्या, मंग पाहू," ते म्हणाले.

तिने वाद घातला नाही. पायरीजवळचा दगड उचलला आणि कुलपावर घातला. आत आली, माझा हार ओढून बाहेर फेकला. तो गाडीवानाच्या बैलाने खाल्ला.

"अवो, बाटन नं ते!" कुणीतरी ओरडले.

"बाटू द्या," कस्तुराबाई म्हणाली. "हे बाज हाय, देव नाई. पुंजाजीचा नातू कुठी हाय? पानी तापवा म्हना."

मग तिने मला आडवी केली, गुडघा लावून पायथ्याची दोरी करकचून ताणली आणि त्या माणसाला माझ्यावर घेतले.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. एक पाय किडला आहे, दांडीला चीर गेली आहे. माझी काळजी घ्यायची असेल तर पाय बदला, दोरी ताणा, ढेकूण मारा. पण मला पुन्हा भिंतीला टेकवू नका, आणि कुणी हार घेऊन आलेच, तर बैल अजून बाहेरच बांधलेला आहे.