सिओकहूइला निरोप

खो बूनसिओंग जपानी अमलात शिकला. तैवानची घरची बोली तोंडातून निघाली की शाळेत गुडघ्यांवर बसवत. मोठेपणी तो ताइनानच्या वर्तमानपत्रात जपानीतून कथा लिहू लागला, आणि लोक त्या आवडीनं वाचत.

जपानी हरून बोटीनं परत गेले, तेव्हा तोही रस्त्यावर झेंडा घेऊन नाचला. पण वर्षभरात चीनहून आलेल्या नव्या सरकारनं जपानी मजकूर बंद केला. आता लिहायचं ते चिनी राष्ट्रभाषेत. बायकापोरं असलेला हा माणूस पहिलीचं पुस्तक घेऊन बसला. कशीबशी एक कथा लिहून त्यानं संपादकाला दाखवली. संपादक जुना मित्र होता.

"बून, राग मानू नकोस. दुसरीतल्या पोरानं लिहिल्यासारखं वाटतंय."

"मी दुसरीतच आहे रे अजून," तो म्हणाला. त्या कचेरीत तो पुन्हा गेला नाही. बायकोनं, सिओकहूइनं, माशांच्या गोळ्यांच्या सूपची गाडी टाकली आणि तो मासे कुटू लागला.

त्यांची मुलगी बीलेन शाळेत राष्ट्रभाषा शिकवू लागली. घरी ती बापाशी बोलीत बोले, पण जपानीचं तिला एक अक्षरही येत नव्हतं.

सिओकहूइ गेली. अंत्यविधीला बूनसिओंग तसबिरीपुढे उभा राहिला आणि जपानीत बोलू लागला. बीलेननं घाबरून त्याची बाही ओढली.

"बाबा, कुणी ऐकलं तर? आपल्या बोलीत बोला ना."

तो थांबला नाही. त्याचा चुलतभाऊ ताडकन उठून निघून गेला. त्या भावाचा मुलगा जपान्यांच्या फौजेत मेला होता. गल्लीतले म्हातारे औषधवाले जपानी शाळेतच शिकलेले; ते मात्र कोपऱ्यात डोळे पुसत होते.

घरी आल्यावर बीलेननं विचारलं, "आईला काय म्हणालात?"

"म्हटलं, तुझे हात..." तो बोलीत सांगू लागला आणि अडखळला. "राहू दे गं. मासे, मीठ, भाव, हे सगळं येतं मला आपल्या बोलीत. हे असलं कधी बोललोच नाही. लाज वाटते."

तिनंही पुन्हा विचारलं नाही. दोन हिवाळे गेले आणि तोही गेला.

मग बाबा तेव्हा काय बोलले ते विचारायला ती औषधवाल्यांकडे गेली. त्यांनी बराच वेळ बरण्या सारख्या केल्या.

"छान बोलला तो, पोरी. फार छान बोलला," ते म्हणाले. "यापलीकडे आपल्या बोलीत मलाही सांगता येणार नाही."