फळ्यांमागचा मनोरा

टेकडीच्या माथ्यावरचा आमचा टेहळणी मनोरा म्हणजे चार लोखंडी पाय, बत्तीस पायऱ्या आणि वर चहूबाजूंनी उघडी खोली. बावीस वर्षं मी तिथे बसून एकच काम केलं. रानात कुठे धूर उठतोय का ते पाहायचं आणि वनखात्याच्या कचेरीला कळवायचं. त्याला फक्त डोळे उघडे लागतात. काहींना तेवढंही जमत नाही.

यंदा साहेबांच्या अंगात कला शिरली. आभाळ पाहायला म्हणून रानात ठिकठिकाणी कलाकृती मांडायचं ठरलं. कुठे जमिनीवर आडवा आरसा, कुठे उताणं पडायला लाकडी बाक. इथवर ठीक होतं. पण त्यासाठी बोलावलेल्या उंटावरच्या शहाण्याला, म्हणजे कलावंताला, नेमका माझा मनोरा आवडला.

"छप्पर काढा आणि चारही बाजू फळ्यांनी बंद करा," तो म्हणाला. "फक्त आभाळ दिसलं पाहिजे. झाडं उगाच मध्ये लुडबुडतात."

"आणि वणवा लागला तर?" मी विचारलं.

"महिनाभराचाच तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. वणवे त्याच महिन्यात लागतात, हे मी त्यांना सांगितलं. कलावंत साहेबांकडे बघून म्हणाला, "गाढवाला गुळाची चव काय." साहेबही हसले. फळ्या शेवटी मीच ठोकल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

माझी बायको खाली ओढ्याकाठच्या रोपवाटिकेत काम करते. हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "तुम्ही वर असता म्हणून मी खाली निर्धास्त असते. आता कुणाच्या भरवशावर राहू?"

"मी आहे की," मी म्हणालो.

उद्घाटनाच्या दुपारी चार पाहुणे वर चटयांवर उताणे पडले. चटया अंथरायला मी होतोच. थोड्या वेळाने वरच्या चौकोनात एक करडा पट्टा सरकत आला.

"काय सुंदर पोत आहे," एक बाई म्हणाल्या. कलावंताने मान डोलावली, जणू तो पट्टा त्यानेच मागवला होता.

माझ्या नाकाला मात्र वास आला. मी कचेरीत फोन लावला.

"धूर कोणत्या दिशेला आहे?" कारकुनाने विचारलं.

चारही दिशांना मी ठोकलेल्या फळ्या होत्या. "वर," मी म्हणालो. चेष्टा समजून त्याने फोन ठेवला.

मी लाथा घालून एक फळी पाडली. तिच्यामागे नुसती झाडं होती. दुसरी पाडली तेव्हा ओढ्याचा काठ आणि तिथून उठणारा धूर दिसला. "अहो, कलाकृती आहे ती," कलावंत ओरडत होता. मी तोवर निम्म्या पायऱ्या उतरलो होतो.

मी पोहोचेपर्यंत आग विझली होती. तीन वर्षांची रोपं काळी पडली होती. बायको पाण्याची नळी धरून चिखलात बसली होती, आणि तिचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते.

"अर्धा तास एकटीच विझवत होते," ती म्हणाली. "कुणाला हाका मारल्या नाहीत. 'मी आहे की' म्हणाला होतात ना. म्हटलं, तुम्हाला दिसलंच असेल."