पाटे बसेपर्यंत

रुद्रेशचा डावा हात बधिर होऊन आठ महिने झाले होते. लातूरच्या गंजगोलाईतल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलता तोलता त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो काउंटरमागंच कोसळला. पुढं पाय चालायला लागला, जीभही वळायला लागली. हाताची बोटंसुद्धा मिटायची, उघडायची. पण त्या हाताला काही कळायचं नाही. गार न्हाई, गरम न्हाई, टोचलेलं न्हाई. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. भेटायला आलेला प्रत्येकजण तेच म्हणाला. रुद्रेश मान हलवायचा. खरं सांगायचं तर हाताचं जे झालं होतं, तेच आत कुठंतरी सगळ्याचंच झालं होतं. वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची गाडी उभी होती. दोन माणसांपुरती, हिरवी, साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स गाडी. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरकडून त्यानं ती भंगारात घेतली आणि बारा वर्षं दर रविवारी तिच्यापाशी घालवली. इंजिन झालं, ब्रेक झाले, टप झाला. राहिले होते फक्त मागचे पाटे, चाकांवरचा भार झेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्या. त्यांची कमान उतरली होती, त्यामुळं गाडी मागून बसकी दिसायची आणि खड्डा आला की बूड आपटायची. झटका आल्यापासून रुद्रेशनं शेडचं कुलूप उघडलं नव्हतं.

ते उघडलं अंबिकानं, त्याच्या बायकोनं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवत तिनं विचारलं, "अहो, मागचे पाटे कसे काढतात?"

"कशाला?"

"विकायची म्हटली तरी अशी बसकी गाडी कोण घेईल?"

बारा वर्षांत तिनं त्या गाडीला कधी हात लावला नव्हता. रविवार गिळणारी सवत म्हणायची ती तिला. रुद्रेशनं विचार केला, विकू दे. त्याचंही काही वाटलं नाही.

तो स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. जॅक लावून मागची बाजू उचलली, खाली लोखंडी घोड्या दिल्या. गंजलेले नट डिझेल ओतून रात्रभर भिजत ठेवले. तरी हलेनात तेव्हा पान्याला पाइप जोडला. एका नटावर पाना सटकला आणि अंबिकाच्या बोटांची सालटं निघाली. "लागलं का गं?" रुद्रेशनं विचारलं. विचारायला पाहिजे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून विचारलं.

"चालतंय," ती म्हणाली आणि बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं पाइप धरला.

दोन रविवार गेले. मग पोत्यात गुंडाळलेले दोन्ही पाटे रोजच्या गाडीत मागं टाकून दोघं नांदेडला निघाले. लातुरात पाटेवाले होते, पण ते सरळ जीपचे पाटे बसवा म्हणत. जुन्याच पाट्याला भट्टीत घालून कमान चढवणारा दगडोबा नांदेडात होता, ट्रकवाल्यांच्या गल्लीत.

दगडोबानं पाट्यांचे थर, म्हणजे पानं, सुटे करून जमिनीवर मांडले, खडूनं कमानी आखल्या. "माल अस्सल हाय, मालक," तो म्हणाला. "भेग कुठंच न्हाई. निसता थकलाय." मग एकेक पान लालभडक करून, खडूच्या रेघेवर ठोकून, त्यानं तेलात सोडलं. ते पुन्हा हलकं तापवून बाजूला विटांवर निवत ठेवलं. काळं पडलेलं पान दिसायला गारच वाटायचं.

"वहिनी, लांब उभं ऱ्हावा," दगडोबानं बजावलं. अंबिका मागं सरली. रुद्रेश विटांशेजारच्या बाकड्यावर टेकला होता. त्याला कसलासा वास आला. कुणीतरी कोंबडी भाजतंय असं वाटलं.

"अहो, हात!" अंबिका किंचाळली.

बाकड्यावरून घसरलेला त्याचा डावा हात त्या काळ्या पानावर टेकला होता. तिनं मनगट धरून तो ओढला. दगडोबानं बादलीतलं पाणी ओतायला सुरुवात केली. तळव्याची कातडी पांढरी झाली होती, कडेनं लाल. रुद्रेश त्याच्याकडं दुसऱ्याचा हात बघावा तसा बघत राहिला.

"दुखत न्हाई," तो म्हणाला.

अंबिकानं त्याला गाडीत बसवलं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरनं मलम लावून पट्टी बांधली. परतताना लोहा गावाच्या पुढं तिनं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडली. आठ महिन्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा रडत होती. रुद्रेशनं उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. हाताखाली पाठ हलत होती, ते त्याला कळत होतं. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.

जखम भरायला महिना लागला. तेवढ्यात दगडोबानं पाटे पाठवून दिले. काळे, तेल लावलेले, चांगली कमान चढलेली. टोकांच्या भोकांत नवे रबरी बुश घालून अंबिकानं ते जागेवर चढवले आणि पाना उचलला.

"आता न्हाई आवळायचं," रुद्रेश म्हणाला. "आधी गाडी खाली घे. चाकावर वजन येऊ दे, मग आवळ. न्हाईतर बुश पिळून फाटतंय."

"हे आधी सांगायचं ना!"

"विचारलं न्हाईस."

तिनं घोड्या काढल्या, गाडी खाली घेतली, आणि पाठीवर सरपटत आत जाऊन नट आवळले. बाहेर आली तेव्हा केसात माती होती. गाडी मागून भलतीच उंच दिसत होती.

"हे बिघडलं का?"

"न्हाई. पाटे बसायला दोन-चारशे किलोमीटर लागतात."

मग ती गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. रुद्रेश डावीकडं बसला. आपल्याच गाडीत तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. औशाच्या रस्त्याला पहिल्याच गतिरोधकावर मागची बाजू उडाली, पण बूड आपटलं नाही. अंबिका मोठ्यानं हसली. रुद्रेश वाट बघत राहिला, आत काही हलतंय का म्हणून.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

इतके महिने तो सगळ्यांना "छान" म्हणत आला होता. "काहीच वाटत न्हाई गं," तो म्हणाला.

तिनं गिअर बदलला. "बरं. मग पुढं जाऊ, का वळवू?"

त्यानं थोडा विचार केला. "पुढं जाऊ. औशापर्यंत."

औशाला दोघांनी उसाचा रस प्यायला. येताना मागून कुरकुर ऐकू यायला लागली. डावीकडचा बुश असावा. "पुढच्या रविवारी बघू," अंबिका म्हणाली. गाडी विकायची गोष्ट त्या दिवशी कुणीच काढली नाही.