यंत्राला नडलेला पाय

अर्धांगवायूच्या झटक्यात मोठ्याबाईंचा डावा पाय गेला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि घरातल्या काहींना याचंच जास्त वाईट वाटलं असावं.

आज त्या पायाचा निकाल होता. फिजिओ मुलीने स्वच्छ सांगितलं होतं, "आजी, पायाने स्वतःहून थोडा जरी जोर लावला, तरी उपचार चालू ठेवू. नाहीतर घरी चाकांची खुर्ची आणा."

खुर्चीचं नाव निघताच सोबत आलेली धाकटी जाऊ अशी खुलली, की मोठ्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान उजव्या तळपायाची तरी. स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली. खुर्ची आली की ते धाकटीचं झालंच!

मोठ्याबाईंना पट्ट्यांनी वर टांगलं. पायांना रोबोचे लोखंडी पाय बांधले, खाली फिरता पट्टा. बटण दाबताच रोबो त्यांचे पाय उचलून टाकू लागला.

"शोभतंय हो," धाकटी म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तालावर चालताय!"

झालं! हे लोखंडाचं कार्टं मला चालवणार? ते पाय पुढे नेई, त्या मागे रेटत. यंत्र कण्हलं आणि टीं टीं करत बंद पडलं.

फिजिओने यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहिले. "आजी, डाव्या पायाने अडवलंत?"

"मी कशाला अडवू? त्यालाच धड चालता येत नाही."

"नुसता ताठरपणाही असेल." फिजिओने यंत्र पुन्हा चालू केलं. " मी सांगते तेव्हा ढकला. ढकला!"

पाय लाकडाचा ओंडका. पुन्हा ढकला. काही नाही. मोठ्याबाईंना घाम फुटला.

"जाऊ द्या ना," धाकटी मायेने म्हणाली. "स्वयंपाकघर मी बघेन. तुमचे डबे हलवलेसुद्धा."

टीं टीं!

"धाकट्याबाई, आणखी बोला!" फिजिओ ओरडली.

"तुमची ती काळी कढई... भंगारात दिली."

टीं टीं टीं!

फिजिओने हसत यंत्राचा जोर कमी केला. "खुर्ची राहू दे. आता भांडण पुरे, पाऊल पुढे टाका."

डावा पाय थरथरला, घासत घासत पुढे सरकला. आपला आपण. धाकटी आ वासून बघत राहिली.

"बघतेस काय बावळटासारखी?" मोठ्याबाई खेकसल्या. "बोल की काहीतरी, पाय थांबतोय माझा!"