जित्या नवऱ्याची तेरवी

माहा नवरा सकाळी जिता घरून गेला अन् दुपारी तो मेल्याची खबर त्यानंच धाडली. अशी गोष्ट तुमी कुठं आयकली काय? मी आयकली. माह्याच आंगणात उभी राहून, हातात ज्वारीचं सूप धरून.

खबर घेऊन आले ढाणकीचे रहमतभाई. भाड्यानं बंडी हाकणारा गरीब स्वभावाचा माणूस. बंडीत मोठं गंज होतं अन् गंजात गरम लापशी.

"भाबी," ते म्हणले, "हरिसिंगभाई ने भेजा है. बोला, तेरवी का खाना है, साऱ्या तांड्याले वाढा."

"कोणाची तेरवी?"

"उसकी खुद की." रहमतभाईचे डोळे पाण्यानं भरले. "मी त्याले जिता पाह्यला, भाबी. नदीवर बसला हाय, डोकं मुंडून, भगवं नेसून. माह्यासंग चांगला बोलला. म्हणते, हरिसिंग मेला. त्यानं सोताच्या हातानं सोताचे पिंड पाडले. आता मी तुमाले काय सांगू, मले तं काहीच समजून नाई राह्यलं!"

सूप हातातून पडलं. कोंबड्या धावल्या. तांड्यात माह्या जिभेले सारे भेतात, पण त्या वख्ती मी नुसती कोंबड्याईले हाकलत राह्यली.

आमी गोर लोक, तुमी आमाले बंजारा म्हणता. आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य वाहून मुलूख पालथा घातला. बापाच्या वख्ती तांडा पैनगंगेच्या काठी बसला तो बसलाच. आता कापूस, ज्वारी अन् गोठ्यात बैल. हे सांगून राह्यली ते साल म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला, त्याच्या पुढचं. लोक म्हणत, राज्य बदललं. माह्या घरात तं नवराच बदलला.

हरिसिंग माणूस वाईट नाई. दारू नाई, जुगार नाई, बायकोवर हात टाकणं नाई. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली का मंग देव आला तरी निघत नाई. त्या साली दिवाळीच्या मांगं-पुढं तो बैलाचं दावं आणाले ढाणकीच्या बाजारात गेलता. दावं आलं नाई. नदीच्या घाटावर एक म्हातारे महाराज उतरले होते. ते उपनिषदाची पोथी वाचत अन् आपल्या मराठीत समजावून देत. हजारो वर्षांची जुनी विद्या म्हणे. माहा माणूस तठी बसला अन् दावं इसरला.

त्या सांजेले जेवाले बसला अन् हाताकडं पाहून राह्यला. भाकर तशीच.

"रुपी, हा हात मी नाई."

"मंग कोण होय? शेजारचा?"

"हासू नको. हात मले दिसते. जे मले दिसते ते मी कसा असन? पाहणारा निराळा. आंग निराळं, नाव निराळं, बायको निराळी. हे सारं एक एक करून काढून ठेवलं अन् जो उरला, तो मी. महाराज म्हणते, तो जन्माले येत नाई अन् मरतबी नाई."

"बरं. जो उरला त्याले म्हणा, उद्या दावं आण. बैल मोकाट सुटून राह्यला."

मी अशी बोलली. मले वाटलं, चार दिवसाचं खूळ हाय, जाईन. पण खूळ गेलं नाई, हरिसिंगच जात राह्यला. आधी बाजाराच्या दिवशी, मंग रोजच. वावरात तण वाढलं. मी बोंबलली, रडली, एकदा तं त्याचे जोडे लपवून ठेवले. तो अनवाणी गेला. अन् त्या सकाळी उंबरठ्यावर उभा राहून म्हणला, "आज मी येत नाई." मले वाटलं जेवाले येत नाई. बाई माह्या, मले वाटलं जेवाले!

आता लापशीचं गंज आंगणात होतं अन् भवताल सारा तांडा जमा झाला. मी भानावर आली तं नायक फुलचंद हात धुवून राह्यले होते. म्हातारा माणूस, तांड्याचा न्याय त्याईच्या तोंडी.

"नायककाका, खाऊ नका!" मी ओरडली. "तो जिता हाय! हे जेवण फेकून द्या!"

"पोरी, तेरवीचं अन्न फेकता येत नाई. मेलेला उपाशी राह्यते."

"पण मेला कोण?"

"ज्याचे पिंड पडले तो. अन् तांड्यानं ज्याची तेरवी खाल्ली, तो तांड्यासाठी मेला. हा आपला कायदा. तुह्या नवऱ्याले तो कायदा मालूम होता, तवाच त्यानं गंज धाडलं."

त्याले काय मालूम होतं! त्याले वाटलं, संन्यास घेणाऱ्यानं सोताची तेरवी करायची ते नुसती रीत हाय, पोथीत सांगतलं तसं आतल्या आत मरायचं हाय. तांडा तेरवी पोथीतली नाई खात, खरी खाते. नायककाकानं पहिला घास घेतला. मंग साऱ्याईनं खाल्ली. लापशी गोड झाली होती म्हणे. मी पाहून राह्यली.

नवरा मेल्यावर आमच्यात बाईचं काय काढतात, ते तुमाले सांगा लागन. लगनाच्या वख्ती आमच्या केसाच्या पेडात दोन्ही कानाच्या बाजूले चांदीची घुगरी-टोपली गुंफतात. कोपराच्या वरतं हस्तिदंती चुडा भरतात. ते नवरा हाय तवरक आंगावर. निजतानीबी, बाळंतपणातबी. अन् एक रिवाज आणखी. मेलेल्याची बायको धाकट्या दिराच्या घरी बसते, त्याची बायको म्हून. माहा धाकटा दीर बाबुलाल, त्याची बायको मागल्या पटकीत गेली होती. तो कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून. पण डोक्याले तेल लावून आलता, मेला!

धनीबाई आली. हरिसिंगची काकी, सोता रांडवलेली. माह्या मांगं बसली अन् तिनं केसाले हात घातला. मी तिचा हात झटकला. बायाईनं मले धरलं.

"काकी, तो नदीवर बसला हाय! जाऊन पाहा! तुमी जित्या माणसाची बायको उघडी करून राह्यल्या!"

"बाई, मले का हे गोड वाटते काय?" म्हणत धनीबाई रडाले लागली, अन् रडता रडता पेड सोडत गेली.

डावी टोपली निघाली. मंग उजवी. किती वर्षांचं वजन ते, लहानपणापासून मान त्याच्याखाली वाकली होती अन् मले मालूम नव्हतं. मान आपोआप वर उठली. मंग चुडा. निघता निघेना, शेवटी फोडला. खाली कातडं निघालं पांढरंफट, उन्हानं कधी न पाह्यलेलं. मी त्या दंडाकडं पाह्यलं. हा कोणाचा हात होय? हा तं रुपीबाईचा नाई.

बाया गळ्यात पडून रडाले लागल्या. आमच्यात रडणं गाण्यासारखं लांब सुरात करतात, मेलेल्याचं नाव घेत घेत. आता माही पाळी होती. मी तोंड उघडलं. सूर आलाच नाई.

अन् तवाच ते झालं. कसं सांगू तुमाले? बाया दिसत होत्या, गंज दिसत होतं, बाबुलालचं चकाकतं डोकं दिसत होतं, पांढरा दंड दिसत होता, माहा रागबी दिसत होता, आतल्या आत चुलीवाणी जळून राह्यला होता. अन् हे सारं कोणीतरी पाहून राह्यलं होतं. ते रडत नव्हतं. ते कोणाची बायको नव्हतं, कोणाची रांडवबी नव्हतं. चुडा काढला तरी त्याचं काही कमी झालं नाई. ते तसंच होतं, लगनाच्या आधी होतं तसं, माह्या आठवणीच्याबी आधी होतं तसं.

दातावर दात वाजाले लागले. बायाईले वाटलं नवऱ्याच्या दुःखानं. अवं, कायचं दुःख! मी घाबरली होती. माहा नवरा ज्याच्यासाठी घाटावर जाऊन मेला, ते माह्या आंगणात, लापशीच्या खरकट्यात, मी बोलावलं नाई तरी येऊन बसलं होतं. पोथी मी एकदाबी आयकली नाई. जेवणाच्या वख्ती तो जे बडबडे, तेवढंच माह्या कानात पडलं होतं, अन् त्याच्यावरबी मी हासली होती.

दिवस कलला अन् हरिसिंग आला. नव्या संन्याशानं पहिली भिक्षा सोताच्या घरी मांगावी, असं महाराजानं सांगतलं होतं. मुंडलेलं डोकं, भगवं उपरणं, हातात कमंडलू. लोकं बाजूले झाले. दारासमोर डोळे मिटून उभा राह्यला अन् शिकवल्यासारखा म्हणला, "माई, भिक्षा."

मी बाहेर आली. त्यानं डोळे उघडले.

माणसाचं तोंड असं पांढरं पडलेलं मी कधी पाह्यलं नाई. केस मोकळे, दंड उघडा, अन् मी त्याच्याकडं नुसती पाहून राह्यली. कमंडलू खाली पडला.

"हे कोणं केलं? रुपी! हे कोणं केलं?"

"तू," मी म्हटलं.

"मी जिता हावो!" तो तांड्याभर ओरडत फिरला. "काकी, चुडा भरा! नायककाका, मी जिता हावो, पाहा ना, मले हात लावून पाहा!"

नायककाका निंबाखाली बसले. सारे भवताल बसले. हरिसिंग बोलाले उठला तं त्याईनं हात वर केला. "खाली बस. मेलेल्या माणसाले पंचायतीत बोलता येत नाई."

तो धपकन बसला. त्या वख्ती मले त्याची दया आली, खोटं कायले बोलू.

मंग नायककाका म्हणले, "तेरवी खाल्ली ते ओकता येत नाई. हरिसिंग मेला ते मेला. आता हा जो समोर बसला हाय त्याले तांड्यात राहायचं असन, तं नव्यानं लगन लावा लागन. दुसरं लगन बाईच्या मर्जीनं. रुपीबाई, तूच सांग. बाबुलालच्या घरी बसतं, का ह्याच्यासंग लगन लावतं? तू म्हणशीन तसं."

मले? मी इकडंतिकडं पाह्यलं, दुसऱ्या कोणाले तं नाई विचारून राह्यले? पहिलं लगन झालं तवा मी मांडवात झोपली होती, मले उचलून फेरे घातले. उभ्या जन्मात मले कोणी काही विचारलं नव्हतं. बाबुलाल खाकरला. मी त्याच्याकडं असं पाह्यलं का तो उठून बैलाले पानी दाखवाले निघून गेला.

मंग मी हरिसिंगकडं वळली. "संन्यास देतानी महाराजानं तुले विचारलं असन ना, घरची बाई हो म्हणली काय?"

"विचारलं."

"तू काय सांगतलं?"

तो जमिनीकडं पाहून राह्यला. "हो म्हणली, असं."

"वा रे वा! खरं धुंडाले गेला अन् पहिलंच पाऊल खोटं!" माह्या डोळ्यातून आता पानी आलं, रागाचं. "आता मी विचारतो, खरं सांग. तुले कोण पायजे?"

"माही बायको."

"ते गेली. तुह्या तेरवीच्या दिवशी तेबी गेली, तूच धाडली तिले. हे उरली ते मी हावो. चुडा नाई, टोपली नाई, कोणाची कोणी नाई. तू घाटावर बसून जे धुंडून राह्यला होता ना, ते इथं निंबाखाली उभं हाय. पाह. नीट पाह. चालन काय तुले?"

हरिसिंगनं मान वर केली. माह्या डोळ्यात पाह्यलं. लगन झाल्यापासून त्यानं असं कधी पाह्यलं नव्हतं, ना मी त्याच्याकडं. पोथीतलं काही बोलन असं वाटलं मले. पण तो म्हणला, "रुपी, मले तुहं भेव लागून राह्यलं."

"मलेबी माहं लागून राह्यलं," मी म्हटलं. "दुपारपासून."

"मंग हो समजायचं का नाई?" नायककाका म्हणले.

"हो समजा. पण नवरा पायजे म्हून त्याले घरात नेत नाई मी. आमाले दोघाईले आतल्या त्या पाहणाऱ्याचं एकच भेव लागलं, म्हून नेतो."

नायककाकाले ते समजलं नाई. बायाईले तं बिलकूलच नाई. धनीबाई माह्या केसात घालाले टोपली घेऊन धावत आली अन् तशीच उभी राह्यली. हरिसिंगले समजलं. त्यानं भगवं उपरणं डोळ्याले लावलं अन् माह्या मांगं मांगं घरात आला.