मिठाची बार्बरा का रडते

"रडली! बार्बरामाय रडली!"

खाणीच्या पोटातल्या मिठाच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर. संत बार्बरा म्हणजे खाणकामगारांची पाठराखीण. तिच्या मिठात कोरलेल्या पुतळ्याच्या गालांवरून पाणी टपटपत होतं.

"पोलंडभरचे डॉक्टर एकीकडे, मायचा एक थेंब एकीकडे!" ब्रदर सेव्हेरिननं चांदीची वाटी हनुवटीखाली धरली. "दमा, संधिवात, हृदय, सासू, सगळ्यांवर उतारा!"

लोक हसले आणि बाटल्या पुढं झाल्या. हा ब्रदर कुठल्या मठाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. मीठ काढणं थांबलं तेव्हा खाणीचं संग्रहालय झालं आणि वाडवडिलांनी कामाची पाळी संपल्यावर कोरलेले पुतळे प्रवाशांना दाखवणं हाच गावाचा धंदा झाला. पुढं प्रवासीही आटले. मग हा आला आणि बार्बरा दर शुक्रवारी रडू लागली. हॉटेलं भरली. विचारणार कोण?

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लुद्विकेनंही विचारलं नव्हतं. तिची आई खाणकामगाराची विधवा. "आपण मिठाची माणसं, मीठ आपल्याला बाधत नाही," म्हणत तिनं हृदयाच्या गोळ्या सोडल्या आणि बाटलीला तोंड लावलं. लुद्विका बाटल्या भरून नेत राहिली. आईला बरं वाटतंय ना, मग झालं.

काल आईला दवाखान्यात हलवावं लागलं. पाय खांबासारखे सुजलेले, श्वास पुरेना. डॉक्टरनं बाटलीतला थेंब जिभेला लावला आणि थुंकला.

"थकलेल्या हृदयाला रोज खारट पाणी पाजलंत? शाळेत काय शिकवता म्हणालात, बाई?"



आज देवळात लुद्विका मेणबत्त्यांकडे बघत होती. एकही ज्योत हलत नव्हती. शाळेची सहल यायची तेव्हा इथल्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं पोरांच्या टोप्या उडायच्या.

"ब्रदर, पंखा का बंद?"

"मायला गार वारा सोसत नाही, बाई."

"मिठाला?"

ती पुतळ्याशेजारच्या पडद्यामागं शिरली. "कोप होईल!" असं ब्रदर ओरडेपर्यंत तिनं पंख्याचा खटका दाबलाही. पंखा घरघरला, साऱ्या ज्योती एका अंगाला लवल्या.

"कोप नाही, वारा," ती म्हणाली. "दमट दिवसात घरातलं मीठ ओलं होतं, हे कोण बघत नाही? पंखा बंद करून एवढी माणसं कोंडली की आपल्या श्वासाची ओल पुतळ्यावर बसते, मीठ विरघळतं. डोळ्यांच्या खोबणी खोल, तिथं पाणी साठतं आणि गालांवर उतरतं. माय रडत नाही. आपणच तिचा चेहरा विरघळवतोय. तिचं नाक बघा, उरलंय का!"

वाऱ्यानं गालांवरचं पाणी सुकून पांढरं पडू लागलं. ब्रदर वाटीसकट लिफ्टकडे सरकला.

"बाई, रांगेत पुढं तुम्हीच असायच्या ना?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"होय, मीच." तिचे कान तापले. "हेच मी पोरांना फळ्यावर शिकवते आणि आईच्या वेळी डोकं गहाण ठेवलं. मेणबत्ती लावा, हात जोडा. पण औषध बंद करून दुसरं काही पाजण्याआधी विचारा, हे कशानं होतं? मी विचारलं नाही. भोगतेय आई."

एका म्हाताऱ्यानं हळूच बाटली कोटात दडवली.

"आजच्यापुरती असू द्या, बाई. बायको वाट बघतेय."

"काय होतंय त्यांना?"

"हृदय."

लुद्विकेनं त्याचा हात धरला. "चला काका. मीच सांगते त्यांना."